मुलगा विचारतो, "किती देणार?"

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, नोकरी वाशीला. घरी यायला साडेसात होतात. मुलगा सातवीत, मुलगी दुसरीत. मुलगी सांगितलेलं काम करते. मुलगा जेवलेलं ताटही उचलत नाही, "भांडीवाल्या मावशी येणार आहेत ना!" बाटल्या भर, दार उघड, कपडे आत आण, सगळ्यासाठी मला ओरडावं लागतं. मध्यंतरी कामामागे दहा रुपये द्यायला लागले. पहिला आठवडा झकास गेला. आता साधी बाटली भरायची तरी आधी "किती देणार?" सासूबाई म्हणतात, मुलाच्या जातीला कशाला कामाला जुंपतेस, त्याला अभ्यास आहे. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दहा रुपये आधी बंद करा, आजच. मुलगा लबाड नाही. भाव तुम्ही लावलात, तो फक्त घासाघीस करतोय. वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मदत केल्यावर ज्या मुलांना बक्षीस म्हणून वस्तू मिळाली, ती पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नाही, ती करत राहिली. एवढीशी पोरं हिशेब करतात, तर सातवीतला का नाही करणार? खाऊचे पैसे द्यायचे तर महिन्याचे ठरवून द्या, कामाशी त्यांचा संबंध नको. आणि बंद करताना भाषण देऊ नका. दोन-चार दिवस तणतणेल. तणतणू द्या.

आता मूळ दुखणं. तुम्ही सांगता ती सगळी फुटकळ कामं आहेत, आणि हाक नेमकी त्याचा गेम रंगात आला असताना येते. असं मधूनच उठवलेलं मलाही चालत नाही. त्याला एक अख्खं काम द्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचं. मी तुमच्या जागी असते तर सुका कचरा दिला असता. घरातच कचरा वेगळा करणं घनकचरा नियमांनी बंधनकारक आहे, तेव्हा ते काम खोटं-खोटं वाटणार नाही. त्यातली मेख दुधाच्या पिशवीत आहे. कोपरा कापून टाकला की तो चिमुकला तुकडा थेट गटारात जातो. म्हणून चीर अशी द्यायची की तुकडा पिशवीलाच लटकत राहील. मग थोडं पाणी घालून पिशवी विसळायची (ते पाणी दुधाच्या पातेल्यात ओतणाऱ्या घरातली मी आहे, तुम्ही कुंडीत घाला), भांड्यांच्या जाळीवर उलटी वाळवायची आणि मगच डब्यात. संपलेले सेल, गेलेले बल्ब वेगळ्या खोक्यात. फुटलेली काच मात्र तुम्हीच उचला.

हे एकदा शेजारी उभं राहून दाखवा, दुसऱ्या दिवशी त्याला करू द्या आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडा. हे बाहेर पडणंच आपल्याला जमत नाही. तो पिशवी ओलीच टाकेल, डब्याला आंबूस वास येईल. तुम्ही गुपचूप डबा धुवून ठेवलात की संपलं. काम शेवटी आईचंच, हे त्याला त्याच क्षणी कळतं. वास आला की डबा त्यालाच धुवायला सांगा, टोमणा न मारता.

ते अंगवळणी पडलं की भात. परतताना गाडी कोपरखैरण्याला आली की फोन करा. त्याने तांदूळ धुवून, वाटीला दोन वाट्या पाणी घालून ठेवायचं. कुकर चढवणं सध्या तुमच्यासमोरच. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे मात्र दहादा बजावा.

मावशी भांडी घासायला येतात, कोणाचं उष्टं काढायला नाही. ताटातलं खरकटं काढून ताट बेसिनमध्ये ठेवणं ज्याचं त्याने करायचं. ज्याचं त्याने म्हणजे यजमानांनीही. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पाहणीत सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना धरलं होतं. मुलगी ऐकते म्हणून तिच्यावरच कामं ढकलू नका, नाहीतर ती आत्तापासूनच त्या २९९ च्या रांगेत.

हे आकडे यजमानांना ऐकवा, सासूबाईंना नको. त्यांच्याशी वाद घातलात तर हराल. त्यापेक्षा नातवाला मेथी निवडायला त्यांच्याचकडे बसवा. आजी शिकवायला बसली की निम्मी तक्रार मावळते. अभ्यासाचं म्हणाल, तर पिशवी विसळायला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : साडेतीन वर्षांची नात पोळ्या चालू असल्या की कणीक ओढते, पीठ सांडते. सूनबाई वैतागतात. तिला कसं आवरावं?
– एक आजोबा, मानपाडा, ठाणे

उत्तर : आवरू नका हो! आठ वर्षांनी हीच सूनबाई मला ऐरोलीसारखं पत्र लिहील. जांभळी नाक्याच्या बाजारातून छोटं पोळपाट-लाटणं आणा, लिंबाएवढा गोळा द्या, आणि तिला गॅसपासून लांब, जमिनीवर, जुन्या वर्तमानपत्रावर बसवा. शेजारी तुम्ही बसा. सांडलेलं पीठ पुसायचं फडकंही तिच्याच हातात द्या. आणि तिची ती वेडीवाकडी पोळी सूनबाईंनी तव्यावर भाजून द्यायची, खायची तुम्ही.