नवीन चेन-सॉकेट टाकूनही मागून आवाज येतोय, चाक वाकडं बसलं असेल का?

तुम्ही विचारलंय की 125 सीसीच्या गाडीला दीड महिन्यापूर्वी चेन-सॉकेटचा (सॉकेट म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) सेट टाकला, होटगी रोडवरून रोज येणं-जाणं आहे, आणि आता मागून 'खर्र-खट' असा आवाज येतो. मेकॅनिकने दोनदा चेन ताणून दिली, तरी आवाज वाढतच गेला. मीही सोलापूरचाच, गेली कित्येक वर्षं स्वतःच्या गाडीची चेन स्वतःच बघतो. तुमचं वाचून पहिली शंका हीच आली की चेन गरजेपेक्षा जास्त ताणली गेलीय. आता तिसऱ्यांदा ताणू देऊ नका.

आधी आवाजाचा ठेका मोजा. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद, न्यूट्रल. टायरवर खडूची एक रेघ मारा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. समजा पुढे 14 दात, मागे 42 आणि चेन 118 लिंकची आहे. मग चेनचा एक पूर्ण फेरा व्हायला चाकाचे जवळजवळ तीन फेरे लागतात. 'खट' चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर दोष मागच्या सॉकेटमध्ये, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) किंवा ब्रेक ड्रममध्ये शोधा. तीन फेऱ्यांत एकदाच येत असेल तर चेनची एखादी लिंक आखडलीय, किंवा चेन-लॉकची (चेनची दोन टोकं जोडणारी) पट्टी कव्हरला लागतेय. एका फेऱ्यात तीनदा येत असेल तर पुढचं सॉकेट. दहा मिनिटांचं काम आहे, पण अंदाजाने पार्ट बदलण्याचा खर्च वाचतो.

लॉक-पट्टी तेवढ्यात बघूनच घ्या. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. उलटी बसली असेल तर ती निसटू शकते.

आता ढिलेपणा. खालच्या चेनच्या मधोमध बोट लावून वर-खाली हलवा आणि पट्टीने मोजा. अशा गाड्यांना साधारण 20 ते 30 मिमी लागतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरवर असतो. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडं-थोडं फिरवत पाच-सहा जागी मोजा, आणि सगळ्यात घट्ट जागा सापडेल तिथलं माप धरा. ढिल्या जागी माप धरून ताणली की घट्ट जागी चेन तारेसारखी होते. माझं हेच झालं होतं. उन्हाळ्यात एका गॅरेजात चेन ताणून घेतली आणि मागे बायकोला बसवून तुळजापूरला निघालो. गाडीवर वजन पडलं की मागचं शॉकअप दबतं, पुढच्या सॉकेटपासून अ‍ॅक्सल (मागच्या चाकाचा आस) लांब जातो, आणि चेनला ढील उरतच नाही. घाटातून परत उतरेपर्यंत आवाज गिअरबॉक्सकडून यायला लागला होता. पुढच्या सॉकेटमागचं बेअरिंग गेलं, आणि त्याचा खर्च चेन-सेटपेक्षा कितीतरी जास्त झाला.

चाक वाकडं आहे का, ते मागच्या सॉकेटच्या दातांवर दिसतं. टॉर्च लावून बघा. दातांची एकच बाजू घासून चकाकत असेल तर चाक तिरकं आहे. मागून चेनच्या रेषेत डोळा लावूनही कळतं, चेन सॉकेटवरून सरळ पुढे जायला हवी. चिमट्यावरच्या खुणांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, त्या दोन्ही बाजूंना नेहमी सारख्या नसतात. चिमट्याच्या पिव्हट बोल्टच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा, दोन्ही मापं सारखी यायला हवीत. आपल्याकडे घरात सूत असतंच, पण सुती दोऱ्याने मोजू नका, तो ताण पडला की लांबतो.

दुरुस्त करताना अ‍ॅक्सलचा नट ढिला करा आणि दोन्ही अ‍ॅडजस्टर (चेन ताणायचे स्क्रू) पाव-पाव फेऱ्यानेच फिरवा. मग जुन्या टॉवेलची घडी खालच्या चेन आणि सॉकेटच्या मध्ये ठेवून चाक हाताने किंचित पुढे फिरवा. घडी अडकते, चेन अ‍ॅक्सलला पुढे ओढते आणि अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकवते. बोटं लांब ठेवा. तसंच धरून नट आवळा, आणि ढील पुन्हा मोजा, कारण आवळताना माप बदलतं. ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यावर ब्रेकचा फ्री-प्लेही (ब्रेक लागण्याआधीची पेडलची मोकळी चाल) नव्याने लावावा लागतो. ते विसरून कुणीही गाडी रस्त्यावर काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडची धूळ आणि ऊन चेनला फार वाईट. तेलात धूळ बसून काळा लगदा होतो आणि तोच लिंका खातो. रॉकेलने मऊ ब्रशने धुवा, कोरडी पुसा, मग 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने लावा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत हे काम कधीच करू नका, बोटं जातात.

एवढं करूनही गिअर टाकताना-सोडताना मागे 'धड' असं होत असेल, तर हबमधले डॅम्पर रबर (झटका शोषणारे रबराचे तुकडे) दबलेले असू शकतात. चाक वरून-खालून धरून आडवं हलवून बघा. खेळ जाणवला, तर चेनला हात लावू नका, मागचं बेअरिंग तपासून घ्या.