शेवग्याची पावडर पावसाळ्यात गोळा का होते? टिकवण आणि पाकिटांबद्दल तुमच्या प्रश्नांना उत्तरं

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यातल्या सभेत आणि त्यानंतर फोनवर टिकवण, वाळवण आणि पॅकिंगबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातल्या चार प्रश्नांची उत्तरं इथे देतो. मुंबईत शेती ती कुठली, असं लोक अजून विचारतात. आरेतल्या पाड्यांवर पिकणारी भाजी, गोराई-मनोरीच्या वाड्या आणि अलिबाग-वसईहून रोज इथे उतरणारा माल त्यांना माहीत नसतो. गिऱ्हाईक इथे दाराशी आहे, ही आपली मोठी जमेची बाजू. हवा मात्र दमट, आणि टिकाऊ माल करणाऱ्याला आधी तिच्याशीच झुंजावं लागतं. पहिल्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात लांब झालं आहे.

प्रश्न : आम्ही आरेतल्या पाड्यावरच्या बचत गटाच्या बायका शेवग्याचा पाला सावलीत वाळवून पावडर करतो. मे महिन्यात ती हिरवीगार असते. जुलैत पाकिटात गोळे होतात, रंग मेंदीसारखा पडतो आणि दुकानदार माल परत पाठवतो. आमचं वाळवणं चुकतंय का?

ताई, मे महिन्यातलं तुमचं वाळवणं चांगलं आहे. तुम्ही आणलेला पाला चिमटीत धरला की कडक मोडत होता, देठाचा बारीक काडीसारखा भागही वाकत नव्हता. पाल्यातलं पाणी सात-आठ टक्क्यांच्या खाली गेलं की पाला असा मोडतो. गडबड त्यानंतर होते.

पूर्ण वाळलेली पावडर हवेतलं बाष्प पुन्हा ओढून घेते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता दिवसचे दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. मिक्सरमधून काढलेली पावडर परातीत तासभर उघडी राहिली तरी तुमची दोन दिवसांची मेहनत वाया जायला सुरुवात होते. पावसाळ्यात म्हणून वाळवणं संपलं की दळणं आणि पाकीटबंद करणं त्याच दिवशी, लागोपाठ उरका. एक मात्र सांभाळा: दळल्याबरोबर पावडर गरम असते, ती तशीच भरू नका. झाकणाच्या डब्यात गार होऊ द्या, मग भरा. गरम भरली तर पाकीट थंड झाल्यावर आतल्या बाजूला दव धरतं आणि गोळे तिथूनच सुरू होतात.

आता पाकिटाबद्दल. तुम्ही म्हणालात, पाकीट जाड आहे. जाडीपेक्षा ते कशाचं आहे हे महत्त्वाचं. या पावडरीला तीन गोष्टींपासून जपावं लागतं: बाष्प, प्राणवायू आणि उजेड. साधं पॉलिथिन बाष्प बऱ्यापैकी अडवतं, पण प्राणवायू त्यातून सहज आत जातो, आणि पारदर्शक असल्यामुळे उजेडही. पाल्याचा हिरवा रंग आणि त्यातलं अ जीवनसत्त्वाचं कॅरोटीन ही दोन्ही उजेडाने आणि प्राणवायूने जातात. रंग मेंदीसारखा पडला म्हणजे कॅरोटीनही घटलं असं समजा. लोक शेवग्याची पावडर ज्या गुणासाठी घेतात, तोच कमी झालेला असतो.

या मालाला तीन थरांचं पाऊच घ्या: बाहेर पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा (फॉइल), आत पॉलिथिन. बाहेरचा थर छपाई आणि ताकदीसाठी, मधला तिन्ही गोष्टी अडवण्यासाठी, आतला सील चिकटण्यासाठी. पत्रा परवडत नसेल तर मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा अगदी पातळ मुलामा दिलेल्या पॉलिएस्टरचं पाऊच घ्या, दोन-तीन महिन्यांत खपणाऱ्या मालाला ते पुरतं. हल्ली प्रदर्शनांत क्राफ्ट कागदाचं, पुढे छोटी खिडकी असलेलं झिपचं पाकीट फार दिसतं. दिसतं छान. पण कागद बाष्प अडवत नाही, अडवतो तो आतला थर, आणि खिडकीतून उजेड थेट पावडरीवर पडतो. ते पाकीट घ्यायचंच असेल तर बिनखिडकीचं घ्या, आत पत्र्याचा थर आहे का हे विक्रेत्याला विचारा आणि झिपच्या वर उष्णतेचं सील मारा. नुसत्या झिपवर भरवसा ठेवू नका.

सीलकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पावडर भरताना ती पाकिटाच्या तोंडाला आतून चिकटते. तिच्यावरच सील मारलं की त्या जागी केसासारखी बारीक वाट उरते. डोळ्याला ती दिसत नाही, बाष्पाला मात्र पुरते. नरसाळं पाकिटात खोल घालून भरा आणि सील मारण्याआधी तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक खेपेला चार-पाच पाकिटं बाजूला काढून पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा आणि हळूच दाबा. सीलवरून बुडबुड्यांची रांग आली तर सीलरची उष्णता किंवा दाबून धरायची वेळ वाढवा आणि त्या खेपेची सगळी पाकिटं पुन्हा तपासा.

आणखी एक चाचणी घरी होते, तिला प्रयोगशाळा लागत नाही. 100 ग्रॅमची तीन पाकिटं दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला, वजन पाकिटावर लिहा आणि स्वयंपाकघरात ठेवा. दर आठवड्याला त्याच काट्यावर तोलत जा. सात टक्के पाणी असलेल्या 100 ग्रॅम पावडरीत 93 ग्रॅम कोरडा माल असतो. पाकिटाचं वजन 3 ग्रॅमने वाढलं म्हणजे पावडर 103 ग्रॅम आणि तिच्यातलं पाणी 10 ग्रॅम झालं, म्हणजे पावणेदहा टक्क्यांच्या जवळ गेलं. गोळे दिसण्याच्या आधी काटा तुम्हाला सावध करतो. दोन प्रकारची पाकिटं शेजारी ठेवून ही चाचणी केली तर कुठल्या पाकिटाला पैसे द्यायचे हे विक्रेत्याला विचारावंच लागणार नाही.

सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या असतील तर पांढऱ्या, अन्नासाठीच्या, 'खाऊ नये' असं छापलेल्याच घ्या. निळे दाणे अन्नाजवळ आणू नका. काही दाण्यांचा तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे. आणि पुड्यांचा डबा उघडा ठेवू नका. आपल्या हवेत त्या पाकिटात जाण्याआधीच पाणी पिऊन तृप्त झालेल्या असतात.

वाळवण्याबद्दल थोडं. पाला वर्तमानपत्रावर पसरता, ते आजपासून बंद करा. शाईतली रंगद्रव्यं पानाला लागतात, आणि अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला छापील कागद वापरू नये असा एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा) स्पष्ट नियम आहे. नायलॉनची जाळी लाकडी चौकटीवर ताणा, पाल्याला खालूनही हवा लागू द्या. पावसाळ्यात सावलीतलं वाळवण रेंगाळतं, पाला दोन दिवस ओलसर राहतो आणि काळा पडतो. तेव्हा ट्रे ड्रायर किंवा विजेची जोड असलेलं सौर वाळवणीयंत्र वापरा आणि तापमान 50 अंशांच्या आसपास ठेवा. एका गटाला यंत्र परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन पाड्यांच्या गटांनी मिळून घ्यावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दहा किलो निवडलेल्या पाल्यातून दोन-अडीच किलोच पावडर निघते, त्यामुळे एकट्या गटाचं यंत्र बरेचदा रिकामंच राहील.

गोकुळाष्टमीला कोकणातल्या घरांत शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी होतेच. तेव्हा पाला कोवळा आणि भरपूर असतो, आणि मुंबईतल्या कोकणी माणसाला तो ताजाच हवा असतो. त्या दिवसांत पावडरीमागे न लागता ताज्या जुड्या विका आणि पावडरीचं काम उन्हाळ्यावर ठेवा. कमाईचा हिशेबही त्यातच बरा बसेल.

लेबलवर 'मधुमेह बरा होतो', 'रक्तदाब जातो' असं काही छापू नका. अन्नपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा करायला कायद्याने मनाई आहे. उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावं, घटक, वजन, गटाचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा क्रमांक ठळक छापा. शिकलेलं गिऱ्हाईक तेच वाचतं.

पाकिटाचं साहित्य तपासून घ्यायचं असेल तर अंधेरीतली भारतीय पॅकेजिंग संस्था याच कामासाठी आहे. 1966 साली स्थापन झालेली ही संस्था साहित्याची चाचणीही करते आणि प्रशिक्षणही देते. जाताना रिकामं पाऊच आणि भरलेलं पाऊच दोन्ही न्या.

प्रश्न (गोराई) : कोवळ्या फणसाच्या कुयरीचे तुकडे थोड्या मिठाच्या पाण्यात काचेच्या बरणीत भरायचे, बरणी बंद करून अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, आणि वर्षभर विकायचं असा विचार आहे. टिकेल ना?

दादा, असं करून विकू नका. हे मी जितकं स्पष्ट सांगता येईल तितकं स्पष्ट सांगतो, कारण इथे गिऱ्हाइकाच्या जिवाचा प्रश्न आहे.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि फणसाच्या सालीबरोबर घरात येतात. 100 अंशांच्या उकळीत ते मरत नाहीत. बंद बरणीत हवा नसते, आणि या जिवाणूला नेमकी बिनहवेचीच जागा लागते. तिथे तो वाढला तर जे विष तयार करतो त्याने माणसाचे स्नायू आणि श्वास बंद पडतात. बरणी पाहून किंवा वास घेऊन ते कळेलच असं नाही.

आंब्याचा रस, कोकम, कैरीचं लोणचं यांत हा धोका सहसा नसतो, कारण ते आंबट असतात. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली असला की हे बीजाणू वाढत नाहीत. कच्चा फणस आंबट नाही. जुन्या घरांत खारवलेल्या कुयऱ्या वर्षभर टिकायच्या त्या मिठाच्या जोरावर. मीठ इतकं असायचं की भाजी करण्याआधी तुकडे पाण्यात घालून खारटपणा काढावा लागे. आज गिऱ्हाइकाला कमी मीठ हवं म्हणून आपण मीठ कमी करतो आणि त्याबरोबर ते संरक्षणही काढून टाकतो.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. एक, पाण्यात सायट्रिक आम्ल घालून तुकड्यांच्या आतला सामूही 4.6 च्या बराच खाली आणायचा. त्यासाठी सामूमापक घ्या, कागदाच्या पट्टीवर विसंबू नका. तुकडा वाटून मोजा, नुसतं पाणी मोजून चालत नाही. दोन, रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, दाबाखाली 121 अंशांवर प्रक्रिया करायची. किती वेळ, हे बरणीचा आकार आणि तुकड्यांची जाडी पाहून तज्ज्ञांनीच ठरवावं लागतं. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अन्न अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानाचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. तीन, तुकडे गोठवून उणे 18 अंशांवर ठेवायचे. छोट्या उद्योगाला मला तिसरा रस्ता सगळ्यात बरा वाटतो. मुंबईत शीतगृह आणि गोठवलेल्या मालाचं गिऱ्हाईक दोन्ही आहेत, आणि उपासाला किंवा लग्नाच्या पंगतीला फणसाची भाजी करणारे केटरर वर्षभर कुयरी शोधत असतात.

प्रश्न (अलिबागहून मुंबईत पांढऱ्या कांद्याच्या माळा आणणारे शेतकरी) : विकिरण केलेला कांदा महिनोन्महिने टिकतो म्हणतात. तो खाण्यात अपाय होतो का? आमच्या कांद्याला करून घ्यावं का?

अपाय होत नाही. कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात आणि कोंब येणाऱ्या पेशींची वाढ थांबवतात. कांदा किरणोत्सारी होत नाही. कांद्याला लागणारी मात्रा अगदी कमी, 0.2 किलोग्रेच्याही (किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) आत असते. अमेरिकेत जाणाऱ्या हापूसला किमान 0.4 किलोग्रे द्यावी लागते, आणि मसाल्यांमधले जंतू मारायला 6 ते 14. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला 'कृषक' हे केंद्र 2002 मध्ये मुळात कांद्यासाठीच उभारलं.

पण विकिरण कोंब थांबवतं, सड थांबवत नाही. ओला भरलेला, मान न सुकलेला कांदा विकिरणानंतरही सडतो. शिवाय कांदा सुप्तावस्थेत असतानाच, काढणीनंतर थोड्या आठवड्यांत ते करावं लागतं. आतला कोंब हलू लागल्यावर केलं तर तो आतच तपकिरी होऊन राहतो आणि कापल्यावर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. तुमच्या मालाची ओळखच माळेत आहे. पातीसकट नीट सुकवून हवेशीर टांगलेली माळ मुंबईत बहुतेक पावसाळ्याच्या आधीच संपते. माझं मत विचाराल तर, माळेचा कांदा विकिरणाला पाठवू नका, ते पैसे सुकवणीच्या छपरावर घाला.

प्रश्न : एक विक्रेता आंब्यावर फवारायला 'नॅनो कोटिंग' देतो, पंधरा दिवस जास्त टिकतो म्हणतो. घ्यावं का?

बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. ताज्या फळावर लेप म्हणून मधमाशीचं मेण, कार्नाउबा मेण किंवा लाख यांना परवानगी आहे, तेही लेबलवर लिहून. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज, म्हणजे अतिसूक्ष्म तंतू बनवण्याचं खरंखुरं काम चालतं. अशा तंतूंची फिल्म कोरड्या हवेत प्राणवायू फार चांगला अडवते, दमट हवेत तिचा तो गुण कमी होतो. म्हणजे दुसरीकडचे आकडे दाखवून मुंबईच्या जूनमध्ये कोणी काही विकत असेल तर आपल्याच हवेत चाचणी मागा. एकाच झाडाचे, एकाच दिवशी उतरवलेले दोन डझन आंबे घ्या, एका डझनाला लेप द्या, दुसऱ्याला देऊ नका, आणि पिकल्यावर दोन्ही कापून चव बघा. जाड लेपाखाली फळाचा श्वास कोंडला तर आंबा वरून सुंदर दिसतो आणि आतून आंबूस लागतो.

पाकिटाचे किंवा पावडरीचे नमुने तपासायला आणताना एकाच खेपेची दोन न उघडलेली पाकिटं आणा. त्यांवर वाळवल्याची आणि भरल्याची, दोन्ही तारखा लिहा.