रानशेळ्यांच्या रक्तात पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली, म्हणजे हर्पिस नाहीच का?

नाही, एवढ्यावर निकाल देऊ नका. हर्पिसचे विषाणू जन्मभर दडून राहतात: गाईंचा बीओएचव्ही-१ चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल गँगलियात (मज्जातंतूंच्या गाठींत), शेळ्यांचा सीपीएचव्ही-१ कमरेखालच्या सेक्रल गँगलियात. मग रक्तात काय सापडणार? म्हणून आयबेक्स, शॅमॉय अशा रानटी, शेळीसारख्या प्राण्यांमध्ये आधी एलायझा या रक्तचाचणीने अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) बघतात. पण हे विषाणू इतके जवळचे, की एकाच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या चाचणीतही पॉझिटिव्ह येतात. नेमका कोणता, ते डीएनए पॉलिमरेज जनुकाची नेस्टेड (दोन टप्प्यांची) पीसीआर आणि नंतर सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) केल्यावर नक्की कळतं. मेलेलं जनावर मिळालं तर गँगलिया काढाच, खरंच! मेंढ्यांचा ओव्हीएचव्ही-२ वेगळा. तो लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये असतो, त्यामुळे ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त चालतं. नमुने नागपूरला मे महिन्यात मागवत असाल, तर बर्फाच्या पेटीशिवाय पाठवू देऊ नका.