चिनी नवरीचा लाल भरजरी पोशाख म्हणजे चिपाओच का?

नाही, चिपाओ हा एकसलग, अंगाला बसणारा झगा. हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांताकडच्या नवऱ्या घालतात तो क्वान क्वा. 'क्वा' म्हणजे पुढून उघडणारं जाकीट, 'क्वान' म्हणजे लांब सरळ स्कर्ट. तो नेसूनच नवरी थोरामोठ्यांना चहा देते, तोच तिथला नमस्कार. पूर्वी जाकीट काळं आणि स्कर्ट लाल असे, आता बहुतेक दोन्ही लाल.

खरी गंमत भरतकामात आहे, ते जवळून बघाच. सोन्याचांदीची कलाबतू कापडातून ओवत नाहीत. ती वर अंथरून बारीक टाक्यांनी जखडतात. ड्रॅगनच्या अंगाखाली आधी कापसाचं भरण घालतात, म्हणून तो बोटांना उठून लागतो. शेजारी फिनिक्स, ही जोडी म्हणजे नवरा-नवरी. मध्येच वटवाघळं दिसली तर दचकू नका, चिनीत 'वटवाघूळ' आणि 'सौभाग्य' या शब्दांचा उच्चार एकच.

भरतकाम जितकं दाट, तितका दर्जा आणि किंमत वर. सगळ्यात साधा तो 'छोटं पंचसौभाग्य', सगळ्यात वरचा 'क्वांचा राजा'. त्यात खालचं लाल रेशीम जवळजवळ दिसतच नाही. हाताने केलेल्या अशा एका जोडीला कित्येक महिने लागतात, म्हणून बऱ्याच जणी तो भाड्याने घेतात. मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

आपल्या मुंबईतल्या पारशी गारा साडीचं भरतकामही मूळचं चीनचं, ग्वांगडोंगमधल्या कॅन्टन बंदराच्या व्यापारातून आलेलं. फक्त गारा साडीत कलाबतूऐवजी रेशमी दोरा.