दोघं टीचर, दुबईला चाललात तर एवढं ऐका

अभिनंदन रे दोघांचं! पण पगाराचा आकडा बघून लगेच सही करू नका. काँट्रॅक्टमधी घर, येण्याजाण्याचं तिकीट, मेडिकल अन् लेकरांची फी, हे सगळं लिहून आहे का ते बघा, एका लेकराची माफ हाय का दोघांची हे तर स्पष्ट ईचारा, कारण तिकडं शाळंची फी इतकी की माफी नसली तर एकाचा पगार त्यातच जाईल. आमच्या वेळंला तोंडी "हो हो दोन्ही" म्हणले अन् कागदावर एकच निघालं, वर्षभर पोळलो बाबा.

डिग्रीचं अटेस्टेशन, म्हंजी ती खरी हाय असे सरकारी शिक्के, आत्ताच लावा. विद्यापीठाचं व्हेरिफिकेशन, मग राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय अन् मग युएईचा दूतावास. नुसत्या अपोस्टिलवर (परराष्ट्र मंत्रालयाच्या एका शिक्क्यावर) तिथं भागत नाही. मॅरेज सर्टिफिकेट अन् लेकरांचे जन्मदाखले बी करून घ्या, व्हिसाला लागतेत. नावाचं स्पेलिंग सगळीकडं सारखं हाय का बघा, आपल्याकडं टीसीवर एक अन् पासपोर्टवर दुसरंच असतंय.

ग्रॅच्युइटी बेसिकवर धरतेत, पहिले 5 वर्ष दरवर्षी 21 दिवसांचा पगार, म्हणून बेसिक किती ते ईचारा.

लेकरं महिन्याभरात रुळतेत, आपल्यालाच जड जातंय. येळवशीला, म्हंजी शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येला, लातूरहून शेतातले भज्जी-आंबिलीचे फोटो आले की ही अजून फोन उलटा ठिवते. घरात मराठीच बोला, आजीशी बोलताना लेकरू अडायला नको. ज्वारीचं पीठ तिथं मिळतंय, बॅगा त्यानं भरू नका.