बोगनवेल फुलत नसेल तर आधी ताण द्या

प्रश्न (मुलुंड) : गच्चीवरच्या कुंडीत दोन वर्षांपासून बोगनवेल आहे. रोज पाणी घालते, महिन्याला युरिया देते. वेल हिरवीगार आहे, फांद्या 8 फुटांवर गेल्या, पण फूल नाही.

उत्तर : ताई, वेलीला रोग नाही, तिचे लाड जास्त झालेत. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील-पेरू-अर्जेंटिनाकडची. कोरड्या, मोकळ्या उन्हात वाढणारी ही वेल. पाणी आणि युरियातलं नत्र (नायट्रोजन) भरपूर मिळालं की ती नुसती पानं आणि काटे काढत बसते. संत्र्याचा बहार धरताना बागेला ताण देतात ना, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, तेच इथे करायचं.

पावसाळा संपलाय, तेव्हा आता लांब फांद्या एक तृतीयांश कापा, कारण फूल नव्या फुटीवर येतं. युरिया बंद. नवी फूट 4-5 इंच झाली की पाणी तोडा. रोज बोट घालून बघा. वरची 2 इंच माती कोरडी लागली तरी लगेच तांब्या उचलू नका. दुपारी कोवळे शेंडे किंचित माना टाकतील, त्या दिवशी मात्र खालच्या भोकातून वाहीपर्यंत भरपूर पाणी द्या. मग पुन्हा थांबा. कुंडीखालची बशी आजच काढा, आणि रोज 5-6 तास थेट ऊन लागेल अशा कोपऱ्यात कुंडी हलवा. ऊन कमी पडलं तर बाकी सगळं वाया जाईल.

रंग दिसला की एक झुपका हातात घेऊन जरूर बघा. गुलाबी दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, रंगीत पानंच आहेत. खरी फुलं त्यांच्या आत, बारीक पांढऱ्या नळ्यांसारखी, तीन-तीन. मला ते दरवेळी तितकंच सुंदर वाटतं.

मोठ्या कुंडीची घाई नको. मुळं थोडी दाटलेली चालतात. बदलायचीच झाली तर मातीचा गोळा फोडू नका, मुळं फार ठिसूळ असतात. मुंबईच्या पावसात कुंडी विटांवर ठेवा. पाणी साचलं की मुळं कुजतात.

प्रश्न (गोराई) : वाडीच्या कुंपणाला बोगनवेल चालेल का?

उत्तर : चालेल दादा, काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचे वीतभर तुकडे करून ओलसर वाळूत लावा. मुळं धरली की 3 फुटांवर एक रोप. पहिलं वर्ष पाणी द्या. पायवाटेच्या बाजूला लावू नका, लहान मुलांच्या डोळ्यांना काटे लागतात.