धूमकेतू अ‍ॅपमध्ये आहे, आकाशात नाही!

प्रश्न : धूमकेतू आलाय म्हणून अ‍ॅपमधला बाण दाखवतो तिकडे सलग तीन रात्री डोळे ताणून बघितलं, हातात 10×50 ची दुर्बीण, तरी काहीच नाही. अ‍ॅपमध्ये प्रत (म्हणजे तेजाचा आकडा) 6 दिलीय, म्हणजे दिसायला हवा ना? अ‍ॅप गंडलंय की मी?

उत्तर : तुम्ही नाही. थोडा फोन, थोडं अ‍ॅप आणि बरीचशी ती 6 प्रत.

फोनमधलं होकायंत्र जवळ लोखंड असलं की भरकटतं, आणि तुमच्या दुर्बिणीत एका वेळी जेमतेम 6 अंश आकाश मावतं. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची, म्हणजे बाण एक मूठभर जरी चुकला तरी तुम्ही भलतीकडेच बघत बसता. तेव्हा बाण सोडा, जवळचा ठळक तारा धरा आणि तिथून एकेक तारा ओळखत पुढे सरका.

आता अ‍ॅप. त्याला धूमकेतू दिसत नसतो हो, त्याच्याकडे फक्त कक्षेचे आकडे असतात आणि त्यावरून ते जागा काढतं. नवीन धूमकेतूची सुरुवातीची कक्षा मोजक्या निरीक्षणांवरची असते, मग जसजशी निरीक्षणं येतात तसतसे धूमकेतू-लघुग्रहांच्या निरीक्षणांची नोंद ठेवणारे मायनर प्लॅनेट सेंटरवाले आकडे सुधारत जातात, त्यात सूर्याच्या उष्णतेने वायूचे फवारे सुटतात त्यांचाही धूमकेतूला हलकासा धक्का बसतो, आणि तुमचं अ‍ॅप मात्र सहा महिन्यांपूर्वीचेच आकडे घेऊन बसलेलं असतं. हॅलेच्या धूमकेतूचं बघा ना, फ्रेंच गणिती क्लेरोने गुरू-शनीची ओढ धरून गणित केलं आणि 1759 च्या एप्रिलच्या मध्यावर तो सूर्याजवळ येईल, महिनाभर इकडेतिकडे, असं सांगितलं. तो पोचला 13 मार्चला. हाताने केलेलं गणित हे, मला तर अजून नवल वाटतं!

कॉम्प्युटरवर स्टेलेरियम (आकाश दाखवणारा प्रोग्रॅम) असेल तर त्यातल्या सोलर सिस्टीम एडिटरमधून ताजे आकडे घ्या. नाहीतर नासाच्या जेपीएलचं होरायझन्स आहे, फुकट आहे, जागा आणि तारीख दिली की विषुवांश आणि क्रांतीचा, म्हणजे धूमकेतूची आकाशातली जागा सांगणाऱ्या दोन आकड्यांचा, तक्ता मिळतो. फक्त वेळ तिथे साधारणपणे यूटीमध्ये (जागतिक वेळेत) असते, ती आपल्या वेळेत करून घ्या (मी एकदा विसरलो आणि धूमकेतू मावळल्यावर दुर्बीण लावून बसलो).

आणि ती 6 प्रत. ताऱ्याचा प्रकाश एका ठिपक्यात असतो, धूमकेतूचा तेवढाच प्रकाश मोठ्या धूसर गोळ्यावर पसरलेला. एखादा तारा दुर्बिणीत धरून फोकस बिघडवा, कसा फिका पडतो बघा, तसंच हे. म्हणून चंद्र नसलेली रात्र, शहराबाहेरची जागा, डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय, आणि सरळ न बघता किंचित बाजूला बघायचं.

धूसर ठिपका सापडलाच तर लगेच नाचू नका, आजूबाजूच्या ताऱ्यांसकट कागदावर काढून ठेवा. दुसऱ्या रात्री जागा बदलली असेल तर तोच. वेग प्रत्येकाचा वेगळा, 1996 चा ह्याकुताके पृथ्वीजवळून गेला तेव्हा आकाशात अर्ध्या तासात पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापत होता. ठिपका जागचा हललाच नाही तर बहुधा तारकागुच्छ किंवा दीर्घिका. धूमकेतू शोधणाऱ्या फ्रेंच मेसिएने त्याची यादी केली ती असल्याच फसवणाऱ्या ठिपक्यांना वैतागून.

प्रश्न : शेपटीवरून तो कुठे चाललाय ते कळतं का?

उत्तर : नाही. शेपटी सूर्याच्या उलट बाजूला असते, त्यामुळे सूर्याला वळसा घालून परत जाताना बऱ्याचदा शेपटी पुढे आणि साहेब मागे.